उजेड दिसता कामा नये

परवा तस्लीमचा फोन आला. तिच्या फोनला हॅलो-बिलो काही नसतं, गाडी एकदम मधूनच सुरू होते.

"वर्षे, आमच्याकडं नवीन मशीन आलंय. लई अवघड हाय म्हणतेत. सगळे मागं सरकले."

"आणि तू?" मी विचारलं. खरं तर विचारायची काही गरज नव्हती.

"मी म्हटलं, अवघड हाय का? द्या की मग इकडं."

मी कपाळाला हात लावला. हैदराबादजवळ एका कारखान्यात ती साचे बनवते. बादल्यांपासून गाड्यांच्या भागांपर्यंत ज्या वस्तू साच्यात ओतून होतात, त्यांचे साचे. आता तिच्या हाताखाली माणसं आहेत, तिच्या नावाची पाटी असलेलं टेबल आहे. पण खोड काही गेली नाही. सुखानं बसवतच नाही बाईला. फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत बसले आणि मग मला बिराजदार सरांचं वर्कशॉप आठवलं, तिथला पत्रा, तिथला उकाडा आणि शटरच्या उजेडात एक डोळा मिटून उभे राहिलेले सर.

तस्लीम शेख आणि वर्षा शिंदे. इंग्रजी हजेरीत 'शेख'नंतर 'शिंदे', म्हणून आमची मैत्री. यात दोघींचंही कर्तृत्व शून्य. सोलापुरात पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला, मेकॅनिकलच्या आमच्या बॅचमध्ये आम्ही दोघीच मुली. मी नातेपुत्याची. मला कॉम्प्युटर पाहिजे होतं, मार्क कमी पडले आणि मेकॅनिकल गळ्यात पडलं. होस्टेलवर पहिला आठवडा मी नुसती मुसमुसत होते. आणि या बयेला कॉम्प्युटर मिळत होतं! यादीत नाव लागलेलं. ते सोडून तिनं स्वतःहून मेकॅनिकल घेतलं होतं. हे कळलं तेव्हा तिला धरून बडवावी असं मला वाटलं.

"अगं पण का?"

"जो तो म्हणायला, पोरींना जमत नाही, अवघड हाय. मग म्हटलं, बघू तरी काय हाय एवढं त्यात."

दिसायला काडी. उंची बेताची, डोक्याला घट्ट स्कार्फ, मनगटात अब्बूंचं जुनं घड्याळ, ते कोपरापर्यंत घसरायचं. चालायची मात्र अशी की मागून कुणी तरी पाठलाग करतंय. शुक्रवार पेठेत घर. दहावीपर्यंत उर्दू शाळा. मराठी गल्लीत शिकलेली, इंग्रजी फक्त पुस्तकात पाहिलेली. अब्बू टेम्पो चालवायचे, कारखान्यांतून टॉवेलांचे गठ्ठे ट्रान्सपोर्टपर्यंत पोचवायचे. माणूस मितभाषी, गालात हसणारा. घरात बोलायचं काम अम्मी करायच्या, सगळ्यांच्या वाटचं.

तिचं जेवण बघण्यासारखं असायचं. डबा उघडला की न आवडणारी भाजी आधी. डोळे मिटून कारलं संपवायची आणि मग शेवटी खिम्याकडे वळायची. "नको ते आधी उरकायचं. मग नंतर मज्जा," हे तिचं तत्त्वज्ञान. घास मात्र सावकाश, जरा अवघडून. तिचं सगळं अंग डावं होतं. लहानपणी ती सगळंच डाव्या हातानं करायची. अम्मींनी धाक घालून घास उजव्या हातात आणला, शाळेतल्या बाईंनी पेन्सिल आणली. तेव्हापासून ती उजवी झाली. पण कॉलेजच्या मागच्या चिंचेवर दगड मारायची वेळ आली की दगड आपोआप डाव्या हातात जायचा, आणि चिंच पडायची म्हणजे पडायचीच.

ड्रॉइंगचा पहिला तास मला आजही लख्ख आठवतो. मॅडमनी फळ्यावर एक खाचाखोचांचा ठोकळा काढला आणि म्हणाल्या, "हा समोरून, वरून आणि बाजूनं कसा दिसेल, कोण काढून दाखवतं?" सगळा वर्ग वहीत तोंड घालून बसला. माझ्या शेजारून हात वर. मला वाटलं, चला, हिला येतंय, आपली सोय झाली. ती गेली, खडू घेतला आणि उभी राहिली. नुसती उभी.

"काढ ना," मॅडम म्हणाल्या.

"येत नाही मॅडम."

"मग हात कशाला वर केलास?"

"येत नाही म्हणूनच की मॅडम. ज्याला येतंय त्याला फळ्यापाशी बोलवून काय उपयोग?"

वर्गात जो हशा उसळला! मॅडम लाल झाल्या. पण त्याही खमक्या. त्यांनी अख्खा तास तिला फळ्यावरून हलू दिलं नाही. ती चुकायची, मॅडम पुसायच्या, ती परत काढायची. कोपरापर्यंत खडूची पूड. तास संपेपर्यंत बाकीच्यांना काय उमगलं देव जाणे, तिला मात्र तो ठोकळा आतून-बाहेरून कळला होता. पोरांनी तिचं नाव पाडलं, 'येत नाही मॅडम'. व्हरांड्यातून कुणी तरी ओरडायचं, "ए, येत नाही मॅडम!" मी चिडायचे, शिव्या घालायचे. ती खुशाल ओ द्यायची.

पण घरी एवढं सोपं नव्हतं. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा अम्मींनी शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली आणि तक्रार सुरू केली. "देख बेटी, लोहार का काम करना था तो मैं इसकू स्कूल कायकू भेजी? हाथ देख इसके!" त्यांना पेठेजवळच्या कॉलेजात कॉमर्स पाहिजे होतं. मुलगी डोळ्यांसमोर, हात स्वच्छ. महिनाभर घरात धुसफूस चाललेली. शेवटी तस्लीमनंच करार केला, आणि कुणी मागितला नसताना केला. "एक बी टर्म अटकी ना अम्मी, मैं खुद नाम निकाल लेतूं. फिर तू बोली वो कॉलेज."

टर्म अडकणं म्हणजे त्या सत्राचं काम वेळेत पास न होणं. काम पास नाही तर परीक्षा नाही. ही पोरगी शब्दाची पक्की. म्हणजे एक काम अडकलं की मेकॅनिकल संपलं. स्वतःच्या पायावर असा धोंडा कुणी पाडून घेतं का? मी तिला म्हटलंसुद्धा. तर म्हणे, "अडकायचंच नाही की मग."

दुसऱ्या सत्रात फिटिंगचं वर्कशॉप लागलं. बिराजदार सर दुधनीचे. घरी कन्नड, तोंडात मराठी, आणि राग आला की दोन्हींचं कालवण. आम्हा दोघींना ते 'अव्वा' म्हणायचे, म्हणजे कन्नडमध्ये आई, लेकीला लाडानं म्हणतात तसं. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर लोखंडी पट्टीचे जोड मांडले. दोन तुकडे, एकात एक बसणारे. तिथल्या भाषेत जॉब.

"हा चौकोनी जोड, सोपा. हा व्ही आकाराचा, मध्यम. आणि हे डोव्हटेल." एका तुकड्याला पसरट शेपूट, दुसऱ्याला तशीच आतून तिरकी खोबण. "हे कुणी घ्यायचं नाही. पहिल्या वर्षाला जमत नाही. उगी टर्म अडकतंय."

मी शेजारी बघितलंच नाही. आवाज आलाच.

"अवघड हाय का सर? द्या की मग इकडं."

मी तिला असा चिमटा काढला की दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. सर म्हणाले, "अव्वा, मी नको म्हणतोय."

"नियमात हाय का सर, नको म्हणून?"

"नियमात नाही."

"मग लिवा माझ्या नावावर."

मी गपचूप चौकोनी घेतला. बाकी सगळ्या पोरांनीही.

फिटिंग म्हणजे काय, तर घासणं. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात तुकडा आवळायचा आणि कानस घेऊन घासत राहायचं. प्रत्येक व्हाइससमोर सरांनी जमिनीवर पिवळ्या रंगानं पावलं रंगवली होती. डावं पाऊल पुढं, उजवं मागं, उजव्या हातात कानशीची मूठ. त्या पावलांवरून पाय हलला की सर ओरडलेच. आणि जॉब झाला की त्यांची परीक्षा ठरलेली. आधी चिंध्यांच्या बोळ्यानं जॉब खसाखसा पुसायचे, कारण पोरं फटीत ग्रीस भरतात हे त्यांना पक्कं ठाऊक. मग शटरपाशी जायचे, दोन्ही तुकडे जोडून उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचा. जोडातून उजेडाची रेघ दिसली की म्हणायचे, "सूर्यनारायण दिसले. ब्याड!" ब्याड म्हणजे कन्नडमध्ये नको.

माझ्या चौकोनी जोडातून सूर्यनारायणाचं बोट दिसलं, पण सोप्या जॉबला तेवढं चालायचं. मी काठावर सुटले आणि देवाला हात जोडले.

तस्लीमच्या पहिल्या डोव्हटेलमधून एका बाजूनं चांगला रुंद उजेड आला. ब्याड. दुसऱ्या वेळी तिनं फट घालवायच्या नादात खोबण इतकी घासली की शेपूट आत खडखड वाजायला लागलं. सरांनी जोड कानापाशी हलवला. "अव्वा, खुळखुळा केलीस की! घासून लोखंड कमी होतंय, वाढत नाही." तोही ब्याड. तिची कानस डुलते, असं सर परत परत सांगायचे. पुढं जाताना वर उठते, येताना खाली बसते, म्हणून पृष्ठभाग मधे फुगीर राहतो. तिला कळायचं. हातात उतरायचं नाही.

मग हितचिंतक जमले. एकजण म्हणाला, हातोडीनं कडा ठोक, लोखंड पसरतं, फट बुजते. दुसरा म्हणाला, "माझ्या मामाचं वर्कशॉप हाय एमआयडीसीत. उद्या तयार आणून देतो. कुणाला कळणार हाय?"

तस्लीमनं त्याच्याकडं बघितलं. "आणि उद्या नोकरीला लागल्यावर माझ्या मशीनवर तुझा मामा येऊन उभारणार हाय व्हय?"

पोरगं आपल्या व्हाइसकडं वळलं. पण त्या दिवशी बाहेर पडताना तस्लीम पहिल्यांदाच सावकाश चालत होती. मी म्हटलं, "बाई गं, अजून सरांना सांगून चौकोनी घेता येतो. सर नाही म्हणायचे नाहीत. कुठं नाक खाली होतंय?"

गेटपाशी ती थांबली. मग म्हणाली, "वर्षे, मी घाबरलेय का?"

"घाबरलीस."

"हां. मग काम खरंच अवघड हाय." आणि चक्क चेहरा उजळला तिचा! आता काय बोलणार अशा माणसाशी?

तिसरा तुकडा तिनं कापायला घेतला तेव्हा रमजान सुरू झालेला. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा, आणि हिचा रोजा. मी ड्रिलिंग मशीनमागं लपून पाणी प्यायचे. तर हीच तिकडून ओरडायची, "समोर ये की! तुझ्या पिण्यानं माझा रोजा मोडत नाही." ओठ पांढरे पडलेले, स्कार्फ घामानं कपाळाला चिकटलेला, कानस चालू. मला खरंच रडू यायचं. जॉब दाखवायची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती. चौथा तुकडा घ्यायला वेळच नव्हता.

एका दुपारी मी माझ्या व्हाइसवर टंगळमंगळ करत होते. तिच्या कानशीचा आवाज माझ्या कानात बसला होता, खर्र आणि ठुक, खर्र आणि ठुक. तो मधेच बदलला. एकसारखा, लांब, सर्र, सर्र. मी वळून बघितलं. तस्लीमचा उजवा हात थकून गेला असणार. तिला स्वतःलाही न कळता मूठ डाव्या हातात गेली होती. पायही उलटे. उजवा पुढं, डावा मागं, पिवळ्या पावलांच्या साफ विरुद्ध. आणि कानस तळ्यावरच्या होडीसारखी सपाट चाललेली.

लांबच्या टोकाला उभ्या सरांनी मान वर केली. ते आवाजावरून आले. "थांब!"

सगळं वर्कशॉप थांबलं. तस्लीम दचकली, खाली बघितलं आणि चटकन पिवळ्या पावलांवर उभी राहिली. मूठ परत उजव्या हातात.

"आत्ता कशी उभी होतीस?" सर म्हणाले.

"चुकलं सर. पावलं..."

"पावलं मी रंगवलो अव्वा. उजव्यांसाठी. तू येणार म्हणून मला काय माहीत?" ते व्हाइसला टेकून उभे राहिले. "तशी उभी राहा. घास."

ती घासायला लागली. सर्र, सर्र. सरांनी बोट फिरवून पृष्ठभाग बघितला आणि हळूच मान हलवली. पण बाईसाहेबांचा चेहरा पडलेला!

"काय झालं?"

"सर, असं सोपं जातंय."

"मग?"

"सोपं गेलं तर चालतंय का?"

सरांना एवढं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. पोट धरून हसले. "ए अव्वा, लोखंडाला काय कळतंय डावा काय, उजवा काय! जोड अवघड आहे की अजून. तो सोपा झाला काय? घास गुमान!"

पुढचे दोन-तीन दिवस ती उलट्या पावलांवर उभी होती. जेवायची सुट्टी नाही, पाणी नाही, बोलणं नाही. मधेच शेपूट खोबणीत घालून बघायची, कुठं घासतंय ते हेरायची, कानशीचे दोन हलके हात मारायची, परत घालून बघायची. मी शेजारी उभी राहून तिचा स्कार्फ एप्रनच्या आत खोचायचे, तेवढंच माझं काम.

शेवटचा दिवस. सगळ्यांचे जॉब आटोपलेले, पण बॅचमधलं एकही पोरगं घरी गेलं नव्हतं. उन्हं शटरमधून आत आली होती. तस्लीमनं जोड सरांच्या हातात दिला आणि दोन्ही हात एप्रनमध्ये घातले.

सरांनी चिंध्यांचा बोळा घेतला. खसाखसा पुसला. शटरपाशी गेले. जोड सूर्याकडे धरला, डावा डोळा मिटला. मग उजवा मिटला. मग चष्मा काढला, एप्रनला पुसला, परत घातला. जोड उलटा केला, परत धरला. मग त्यांनी शेजारच्या लेथ विभागातल्या सरांना हाक मारली. ते आले, त्यांनीही एक डोळा मिटून पाहिलं, दोघांनी एकमेकांकडं बघितलं. सरांनी जोड कानापाशी नेऊन हलवला. आवाज नाही. अंगठ्यानं शेपूट दाबलं, ते गुळगुळीत सरकत बाहेर आलं.

"सूर्यनारायण नाहीत," सर म्हणाले. "बेकु! पाहिजे! असा जोड पाहिजे!"

कुणी सुरुवात केली माहीत नाही. एका पोरानं कानस व्हाइसवर आपटली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, पत्रा उडून जातो की काय असं झालं. आणि त्यावर सगळ्यांची आरोळी, "येत नाही मॅडम! येत नाही मॅडम!" तो एमआयडीसीतल्या मामाचा भाचा सगळ्यांत जोरात ओरडत होता. मी तर नाचले. लाज-बीज काही वाटली नाही. तस्लीम मधोमध उभी, हसतेय आणि रडतेय, आणि गालावर लोखंडाच्या काळ्या रेघा.

नियमाप्रमाणे पास झालेला जॉब नंबर ठोकून भंगाराच्या पिंपात जातो. सर म्हणाले, "आज घरी ने. दाखव. उद्या आणून टाक." तिनं खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिंपात टाकला, मागं वळून बघितलंसुद्धा नाही. ती लेथच्या सरांना विचारत होती, पुढच्या वर्षी तुमच्याकडं सगळ्यात अवघड काय असतं म्हणून. मीच त्या पिंपात वाकून बघत बसले.

पण मला तस्लीम म्हटलं की दिसते ती आदल्या संध्याकाळची. अब्बू टेम्पो घेऊन गेटवर आले होते. तिनं जोड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो स्टिअरिंगवर ठेवून उलटसुलट बघितला, गालात हसले आणि शुक्रवार पेठ येईपर्यंत वाटेत विनाकारण हॉर्न वाजवत राहिले. मलाही इफ्तारला ओढून नेलं.

गच्चीवर दस्तरखान अंथरलेला. कलिंगडाच्या फोडी, भजी, खजुराची ताटली. सूर्य टेकलेला. तस्लीमकडून डाव्या हाताची गोष्ट ऐकत अम्मींनी पदराला हात पुसले आणि जोड घेतला. लेकीनं सांगितल्याप्रमाणे तो सूर्याकडे धरला, एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. जोड फिरवला, डोळा बदलला.

"कायकू गे," त्या काळजीनं म्हणाल्या, "कुछ नै दिखता!"

"कुछ नैच दिखना, अम्मी! दिख्या तो नापास!"

"पहले दो में दिख्या था?"

"हौ. पूरा सूरज दिख्या था."

अम्मींनी जोड खाली घेतला. लेकीच्या हातांकडं बघितलं, फोड, काळी नखं, सगळं. "मतलब अब नाम नै निकालना?"

"नै."

"मतलब तीन साल लोहारकीच?"

"हौ, अम्मी."

अम्मींनी जोड परत वर धरला, परत एक डोळा मिटला. या वेळी त्या नुसत्या बघत होत्या, हौसेनं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तो मिटलेला डोळा काही त्या उघडेनात.

तेवढ्यात मशिदीतून अजान सुरू झाली. सगळ्यांचे हात ताटलीकडं गेले. दिवसभराची उपाशी तस्लीम, त्या आनंदात तिला कसलं भान, तिनं खजूर उचलला आणि तोंडापाशी नेला. डाव्या हातानं.

"सीधा हाथ!" अम्मी जोडावरची नजर न काढता गरजल्या. "लोहे कू कौनसे बी हाथ से मार. खाना सीधे हाथ से!"

अब्बू खो खो हसायला लागले. तस्लीमनं खजूर उजव्या हातात घेतला. रिकामा डावा हात तिनं अम्मींपुढं पसरला आणि अम्मींनी जोड त्या हातावर ठेवला.